शब्द कधी द्यायचा

नाटकात प्रॉम्प्टरचं काम काय, असं कुणालाही विचारा. विसरलेल्याला शब्द पुरवणं, असंच उत्तर येईल. साफ चूक. आमचं खरं काम गप्प बसणं. नट मध्येच थांबला, तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे आधी ओळखावं लागतं. विसरलेला नट विंगेकडे बघतो. त्यानं बघेपर्यंत शब्द द्यायचा नाही. विंगेत बसून मी हे वर्षानुवर्षं केलं. घरी मात्र माझा पारा कायम चढलेला असतो, हे माझी सून शपथेवर सांगेल.

आमच्या मंडळीत एक नट आहे. त्याच्या आवाजानं शेवटच्या रांगेतला पेंगणाराही दचकून जागा होतो, म्हणून सगळे त्याला नगारा म्हणतात. पाठांतर चोख. पण एकदा तालमीत त्यानं अख्खं पान गाळलं, आणि गाळल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. मी संहिता त्याच्यापुढे धरली.

"चष्मा विसरलो, मावशी."

"मग डोक्यावर आहे तो कुणाचा?"

तालमीनंतर मेकअपच्या खोलीत त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. त्याला वाचता येत नव्हतं. सुटी अक्षरं ओळखायचा, पण ओळीत आली की ती जागा बदलायची, खालची ओळ वरच्या ओळीत घुसायची. शाळेत मास्तर म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. आजवर बायको मोठ्यानं वाचायची आणि हा ऐकून पाठ करायचा. या खेपेला तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली होती, एवढंच.

पण आता नवी दिग्दर्शिका आली होती. ती संहिता आधी कुणाला घरी देत नसे. पहिल्या वाचनालाच हातात ठेवायची आणि वाचन ऐकून भूमिका वाटायची. पुढच्या नाटकात बापाची भूमिका होती, आणि नगाऱ्याचा त्या भूमिकेवर जीव जडला होता.

"सगळ्यांसमोर उघडा पडेन मी," तो म्हणाला. "त्यापेक्षा आधीच नाटक सोडतो."

"सोड की. पण उद्या तालमीच्या आधी जरा लवकर ये."

जाड पुठ्ठ्याला मी एक लांबट खिडकी कापली, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी. पहिल्या दिवशी जुनं नाटक काढलं, तर गडी धडाधड वाचत सुटला. मी खूश होणार, तेवढ्यात पाहिलं, खिडकी पहिल्याच ओळीवर आणि स्वारी पुढच्या प्रवेशात. सगळं पाठ होतं ना. मग मी आग विझवायचा लाल सिलिंडर आणून टेबलावर ठेवला. त्यावरच्या सूचना कुणी पाठ करत नाही. 'पिन ओढा' एवढं वाचायला त्याला इतका वेळ लागला, की तोवर थिएटर जळून खाक झालं असतं. तसं मी म्हटलंही. तो हसला आणि पुढची ओळ लावली.

असेच दिवस गेले. एकदा तो एका शब्दावर अडला आणि माझा धीर सुटला. मी शब्द सांगून टाकला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. त्यानं पुठ्ठा बाजूला ठेवला.

"मावशी, विंगेतून तुम्ही असं कधी करत नाही. मी बघेपर्यंत थांबता."

ते मला लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. मास्तरांनी हात टेकले, बायकोनं मायेनं सगळं वाचून दिलं, मी घाईनं शब्द कोंबले. अडून राहायची सवड त्याला कुणीच दिली नव्हती. त्या दिवसापासून विंगेतला नियम खोलीत आला. त्यानं माझ्याकडे बघितलं तरच शब्द. मी जीभ दाताखाली धरून बसायची, चहा गार व्हायचा. हळूहळू त्याचं बघणं कमी झालं.

वाचनाच्या दिवशी सगळे गोल करून बसले. त्यानं खिशातून पुठ्ठा काढला, तेव्हा कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं लक्ष दिलं नाही. सावकाश, अडखळत, पण आपल्या आवाजात तो वाचू लागला. घर सोडून निघालेल्या मुलीशी बाप बोलतो, त्या जागी आला आणि थांबला.

कुणाची तरी खुर्ची करकरली. दिग्दर्शिकेनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे द्या ना शब्द. शब्द माझ्यासमोर होता, ओठांवर आला होता. इथं तो पडला असता, तर पुन्हा उभा राहिला नसता.

"थांबा," मी म्हटलं. "तो अडलेला नाही. वाचतोय."

नगाऱ्याची नजर पुठ्ठ्यावरच होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मग त्यानं तो शब्द वाचला, आणि त्याच्या पुढची ओळ. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उगाच पदरानं चष्मा पुसत बसले.

भूमिका त्यालाच मिळाली. वर दिग्दर्शिका म्हणाली, "तिथं थांबलात ना, ते तसंच ठेवा. बाप असाच थांबेल."

आता प्रत्येक प्रयोगात तो तिथं थांबतो. शब्द मला माहीत असतो, त्यालाही माहीत असतो. मी विंगेत गप्प बसते.