टाकी भरेपर्यंत

तिसऱ्या खेपेला जावई आत्याच्या हातांतून निसटला आणि धप्पकन गादीवर आपटला.

जावई म्हणजे वाळू भरलेला पुतळा, शाळकरी पोराच्या वजनाचा. दवाखान्याच्या तळघरातल्या धुलाईखात्यातल्या बायकांनीच त्याचं हे नाव पाडलं होतं. स्वतःहून तसूभर हलायचा नाही, आणि उचलताना मात्र त्याला कुठे लागता कामा नये. त्याला खालच्या गादीवरून उचलून खाटेवर ठेवायचं, असं तीन वेळा. मधे दम खायला थोडा वेळ. ज्या बायकांना जमेल त्यांना वरच्या मजल्यांवर पेशंटची उचल-ठेव करण्याचं काम मिळणार होतं. बाकीच्यांनी घरी बसायचं, कारण चादरी यापुढे बाहेर धुवायला जाणार होत्या आणि धुलाईखात्याला कुलूप लागणार होतं. आज नुसती रंगीत तालीम होती. खरी परीक्षा महिन्याभरानं.

"मावशी, पहिल्या दोन वेळा फुलासारखा उचललात की," मोठ्या सिस्टर आत्याला म्हणाल्या. "आता काय झालं?"

"हातच गेले," आत्या म्हणाली. "जसे माझे नव्हतेच."

मी शाळेतून थेट तिकडेच गेले होते आणि दारात उभी राहून बघत होते. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही, पण त्याच्या आधी डोक्यात किडा वळवळला. ही बाई दिवसभर ओल्या चादरींचे बोळे मशीनमधून उपसते. ओली चादर काय जड असते ते एकदा उचलून बघा. संध्याकाळी घरी आली की पुन्हा पदर खोचून उभी. आणि हीच बाई तीन उचलींत गळाली?

मी असं विचारू शकते, कारण मी स्वतः वजनं उचलते. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे. मग शाळेत शिट्टीबाई आल्या. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून शिट्टीबाई. त्यांनी एका दुपारी माझ्या हातात लोखंडी दांडा दिला, आणि आता मी माझ्या वजनाएवढा बार जमिनीवरून उचलते. तेव्हापासून माझा आवाज शेजारच्या वर्गातही ऐकू जातो, अशी तक्रार आहे.

दुसऱ्या दिवशी मी शिट्टीबाईंना गाठलं.

"स्नायूत थोडी शक्ती तयार करून ठेवलेली असते," त्या म्हणाल्या. "जड काही उचललंस की ती काही सेकंदांत फस्त. मग शरीर घाईघाईनं साखर वापरायला घेतं, तेव्हा हातपाय भाजल्यासारखे होतात. आणि हलकं काम दिवसभर रेटायचं असेल तर श्वासावर मंद आच चालते."

"आत्याची मंद आच दांडगी आहे."

"असणारच. पण तो पुतळा मंद आचेवर उचलत नाहीत. तो तयार साठ्यावर उचलतात आणि तो साठा सगळ्यांचाच लहान असतो. तुझाही, माझाही. रिकामा झाला की थांबायचं, भरू द्यायचा, मग पुढची उचल. मला सांग, आपण धापा कधी टाकतो?"

"उचलताना," मी ठोकून दिलं.

"उचलताना तर तू श्वास धरून ठेवतेस."

मी तिथल्या तिथे एक उचल करून बघितली. खरंच की. बार खाली ठेवल्यावर धाप लागली, काम संपल्यावर. म्हणजे मी नुसती उभी होते तेव्हा शरीर आत भराभर साठा भरत होतं. इतके महिने धापा टाकल्या, पण कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी हे सगळं आत्याला हातवारे करून सांगितलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. दोन घड्या झाल्यावर म्हणाली, "म्हणजे संडासाची टाकी."

"काय?"

"एकदा ओढली की घुर्र करत भरेपर्यंत थांबायचं. लगेच ओढली तर नुसतं टिपटिप. तुझा बाप लहानपणी साखळी ओढायचा खेळ करायचा आणि धपाटे मी खायचे."

"शी," आई आतून म्हणाली. "वन्सं, ती जाऊन शाळेत सांगेल हे."

मी सांगितलंच. शिट्टीबाई इतक्या हसल्या की तोंडातली शिट्टी वाजली, आणि त्यांनी रविवारी व्यायामशाळा उघडून द्यायचं कबूल केलं.

रविवारी आत्या माझी ट्रॅकपॅंट घालून आली. घोट्याच्या वर वीतभर. पहिली उचल झकास झाली. वजन खाली ठेवतानासुद्धा ती आपटत नव्हती, झोपलेलं मूल ठेवावं तसं ठेवत होती. शिट्टीबाई हळूच मला म्हणाल्या, "उतरवताना शक्ती कमी लागते, पण अंग दुखतं ते जास्त करून त्यानंच. उद्या बघ." (उद्या बघितलं. आत्या जिना उलटी उतरत होती.)

"आता दम खा," मी म्हणाले.

मी माझ्या बारची चकती बदलून मागे वळले, तर आत्या रुमालानं बार पुसत होती. दुसऱ्या उचलीनंतर ती भिंतीशी लहान-मोठ्या चकत्यांची उतरंड रचत होती. तिसऱ्या उचलीला हात गेले.

आणि मला तालीम आठवली. जावयाला दोनदा उचलून झाल्यावर मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, बसा जरा. बाकीच्या बायका बसल्या होत्या. आत्या जवळच्या ढिगातल्या चादरी घडी करत होती.

"आत्या, तू बसतच नाहीस."

"बसून काय करू?"

"काहीच नाही."

"काहीच नाही कसं करतात?" तिनं अगदी खरोखर विचारलं, मी गणितात विचारते तसं.

मी तिला बाकावर बसवलं. ती टोकावर बसली, हात जिथे पडतील तिथे काहीतरी शोधत. बाकाचा निघालेला रेक्झिनचा कोपरा तिनं दाबून सपाट केला.

"हात मांडीवर ठेव."

"सवय नाही गं," ती म्हणाली. "नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा तुझी आई नवी नवरी होती. कुणी बोललं नाही हो मला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच्या घरात राहणारीनं रिकामं बसलेलं दिसू नये."

दुसऱ्याचं घर. मला कळायला वेळ लागला की ती आमच्या घराबद्दल बोलतेय. ज्या घरात माझी वेणी तिनं घातली, माझा ताप तिनं काढला, त्या घराबद्दल. मग एकेक आठवायला लागलं. बाबांची चप्पल दारात वाजली की आत्याच्या हातात काहीतरी येतंच. टॉवेल, फडकं, माझी न उसवलेली बाहीसुद्धा. आमच्याकडे चार खुर्च्या आहेत आणि मी तिला खुर्चीत पाहिलेलं ते फक्त पंखा पुसताना, तेही खुर्चीवर उभी.

मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "टाकी भरू दे."

महिनाभर आम्ही उचलण्यापेक्षा बसण्याचाच सराव जास्त केला. आत्याला ओझं जमत होतं, बसणं जमत नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिचे पाय हलायचे. दुसऱ्यात ती छताच्या जळमटांकडे बघायची आणि मी म्हणायचे, "बघायचं नाही." मग ती डोळे मिटायची आणि नाकानं मोठे श्वास घ्यायची. एकदा मधेच म्हणाली, "भरतेय गं. कळतंय आत."

परीक्षेच्या दिवशी मी परत तळघराच्या दारात. धुलाईखात्यातली यंत्रं बंद होती, त्यामुळे बायकांच्या कुजबुजीलासुद्धा घुमारा येत होता. आत्यानं पहिल्यांदा जावयाला उचललं. दुसऱ्यांदा उचललं. खुर्ची होती, आणि खुर्चीशेजारी, मुद्दाम ठेवावा तसा, वाळलेल्या चादरींचा ढीग.

आत्या बसली. तिनं ढिगाकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"मावशींना थंडी वाजतेय की काय," कुणीतरी म्हणालं.

"टाकी भरतेय," आत्या डोळे मिटूनच म्हणाली. कुणाला काही कळलं नाही. मी दाराच्या चौकटीत तोंड दाबून धरलं.

मग ती उठली, वाकली, श्वास धरला आणि जावयाला खाटेवर ठेवलं. त्याच्या डोक्याखालची उशीसुद्धा नीट केली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सोमवारपासून तिसऱ्या मजल्यावर या." आणि पुढच्या बाईला हाक मारली.

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात होती आणि आत्या बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसली होती, पाठ पूर्ण टेकून, तळवे मांडीवर उघडे. शेजारच्या खुर्चीत वाळलेले कपडे पडले होते. दारात बाबांची चप्पल वाजली. मी वहीतून डोकं वर केलं. आत्याची बोटं हलली, तेवढीच.

बाबा आत आले आणि उंबऱ्याशीच थांबले. "का गं ताई, बरं नाही का?"

"बरंय. बसलेय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघितलं. मग त्यांनी कपडे उचलून मांडीवर घेतले, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि एका टॉवेलची घडी घातली. इतकी वाकडी की एक टोक लोंबत होतं.

आत्याचा हात त्या टोकाकडे निघाला. अर्ध्यावर थांबला. आणि परत येऊन मांडीवर पडून राहिला.