तिसऱ्या भोकातली वादी

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची वादी आहे. खरं म्हणजे अर्धीच उरले आहे. या खुंटीवर नुसतं लटकायचाही आता कंटाळा येतो. पण विचारलंत, तर सांगते.

घोड्याला शिकवताना लांब दोरीवर गोल फिरवतात. शिकवणारा मधे उभा राहतो. तेव्हा माझं एक टोक घोड्याच्या पोटपट्ट्याला आणि दुसरं तोंडातल्या कडीला अडकवतात. पलीकडच्या बाजूला माझी जुळी बहीण असते. घोड्यानं मान सैल सोडून पाठीचा जोर वापरावा, एवढंच आमचं काम. माझ्या अंगावर नऊ भोकं. नवव्यात मी सगळ्यात लांब, पहिल्यात सगळ्यात आखूड.

वीस वर्षं मी घोडे शिकवणाऱ्या मास्तरांच्या हाताखाली राबले. आधी दहा फेऱ्या मोकळ्या, मग मी, तीही सातव्या भोकात, आणि पंधरा मिनिटांत सुटका, हा त्यांचा नेम. काम झालं की पुसून तेल लावायचे. कौतुक घोड्याचं व्हायचं. वादीकडे कोण बघतंय! चालायचंच.

पुढे मास्तरांचे गुडघे गेले आणि लेक काम बघू लागली. त्याच सुमारास तांबडी घोडी मोठ्या दुखण्यातून उठली होती. पाठ पार खचलेली. मालक उंटावरून शेळ्या हाकणारा. महिनाअखेर ती मान वाकवून ऐटीत चालली तर ठेवू, नाहीतर विकू, असं सांगून मोकळा झाला. तसल्या घोडीला कसाईच विकत घेतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीचा तर तिच्यावर भारी जीव.

तीन आठवडे तिनं वडिलांचा नेम पाळला. पाठ भरू लागली, पण मान काही वाकेना. चौथ्या आठवड्यात लेकीचा धीर सुटला. मोकळ्या फेऱ्या बंद झाल्या. सातव्या भोकावरून मी पाचव्यात आले, मग तिसऱ्यात. मान झकास वाकली. पण घोडी पाय ओढत चालायची, हे मला कळत होतं. मी ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे?

मालक बघायला आला त्या सकाळी तांबडीचा पाय अडखळला. तोल सावरायला घोडा मान पुढे फेकतो. मी फेकू दिली नाही. ती धाडकन कुशीवर पडली, मी तिच्याखाली ताणले गेले. बक्कल निघेना. लेकीनं सुरी चालवली, मी तुटले आणि घोडी उठली.

सगळे म्हणाले, वादीच वाईट. चोर सोडून संन्याशाला फाशी! मास्तर मात्र काठी टेकत आले, माझा तुकडा उचलून त्यांनी बक्कल कितव्या भोकात आहे ते पाहिलं.

"तिला मान पुढे टाकायला जागाच ठेवली नाहीस गं," ते म्हणाले.

"बाबा, मला तिला वाचवायचं होतं," एवढंच ती बोलली आणि रडली.

मास्तरांनी शब्द टाकला, म्हणून मालकानं आणखी एक महिना दिला. पण घोडीनं आता कडीच्या आवाजाची धास्ती घेतली होती. लेकीनं आम्हाला खुंटीवर टांगलं आणि नुसत्या दोरीवर तिला चालवू लागली. रोज थोडं. एकदाही घाई नाही. मी इथून बघत होते.

सव्विसाव्या दिवशी तांबडीनं मोठा श्वास सोडला, मान लांब केली आणि नाक पार मातीजवळ नेलं. तिची पाठ वर उचलली गेली. मालक कुंपणाशी उभा राहून ती भरलेली पाठ बघत होता. "राहू दे हिला," तो म्हणाला.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना जपा, तेल लावा, पण आमच्याकडून घाईची कामं करून घेऊ नका. ती मान खाली यावी म्हणून मला तिसऱ्या भोकापर्यंत आवळलं होतं. मान खाली आली तेव्हा घोडीच्या तोंडाला मी नव्हते. वाईट वाटलं का म्हणाल, तर नाही. सुटल्यासारखं वाटलं.