डॉक्टरांचा बॉट आणि ताईंचे निरोप

दातांच्या डॉक्टरांना एकच वाईट खोड होती. पेशंटचं तोंड उघडं, आत कापूस, वर दिवा, आणि डॉक्टर खिडकीशी उभे राहून मोबाइलवर शेअरचे भाव बघतायत. "एकच मिनिट हं," असं म्हणायचे. त्या मिनिटात पेशंटच्या जबड्याला रग लागायची.

एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका अशा वीस मिनिटं आ वासून बसल्या. मग उठल्या, गळ्यातला कागदी रुमाल न काढताच बाहेर आल्या आणि काउंटरवरच्या ताईंना कापसातून काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, अर्थ लख्ख कळला.

ताई त्या दवाखान्यात एकोणीस वर्षं होत्या. नंबर लावणं, फोन घेणं, घाबरलेल्याला धीर देणं आणि डॉक्टरांना वळण लावणं ही त्यांची कामं. त्यातलं शेवटचं अजून संपायचं होतं. त्याच दुपारी त्यांनी डॉक्टरांच्या भाचीला फोन लावला. भाची सॉफ्टवेअरमधली, आणि मामाला तोंडावर बोलायची हिंमत असलेली त्या घरातली एकटीच.

"तुझ्या मामांचं काहीतरी कर बाई. नाहीतर एक दिवस भलतीच दाढ हातात येईल."

"मोबाइल काढून घेतला तर रुसेल तो," भाची म्हणाली. "त्यापेक्षा त्याच्याऐवजी बाजार बघणारं कुणीतरी ठेवू."

रविवारी सकाळी भाची लॅपटॉपची बॅग घेऊन हजर झाली आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर बसली. डॉक्टर तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले.

"बॉट म्हणजे एक प्रोग्रॅम, मामा. नियम तू सांगायचेस, खरेदी-विक्री तो आपोआप करेल आणि तुझ्या मोबाइलवर निरोप पाठवेल."

"अगं, पण याच कॉम्प्युटरवर पेशंटचे एक्स-रे आहेत," ताई म्हणाल्या. "तिथे त्याने लुडबूड केली तर?"

"म्हणून तर त्याला कंटेनरमध्ये ठेवायचं. बंद डबा समजा. त्याला लागणारं सगळं सामान आतच. आत काय गोंधळ घालायचा तो घालू दे, बाहेर शिंतोडा उडणार नाही. नकोसा झाला तर अख्खा डबा काढून टाकायचा. फक्त त्याच्या सूचनांची फाइल बाहेर राहते. सुरू होताना तो ती वाचतो."

डबा सुरू केला, लगेच बंद पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. अर्ध्या तासाने कळलं, सूचनांच्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम राहिला होता.

"एवढ्याशा स्वल्पविरामासाठी?" डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले. "यापेक्षा अक्कलदाढ काढणं परवडलं."

मग भाची एका ओळीपाशी थांबली. "हा सराव. बाजार खरा, भाव खरे, पण पैसे खोटे. पहिले दोन-तीन महिने असंच चालवायचं असतं."

"सराव नवशिक्यांनी करावा! बंद कर तो."

भाचीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी डॉक्टरांच्या पाठीमागून मान हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. भाचीने उगाच दोन-चार कळा बडवल्या आणि म्हणाली, "हं, झालं." सराव होता तसाच राहिला. डॉक्टरांचा चष्मा कपाळावर होता, त्यांना काय दिसणार!

जाताना तिने ताईंना दोन गोष्टी शिकवल्या. निरोपांची वाक्यं कुठे लिहायची, आणि ती बदलल्यावर डबा बंद करून पुन्हा कसा सुरू करायचा. कागदाच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या. ताईंनी ती चिठ्ठी ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवली.

पहिला आठवडा सरळ गेला. "खरेदी केली." "विक्री केली." पण डॉक्टर निरोप वाचून झाल्यावरही मोबाइल हातातून सोडेनात. तेव्हा ताईंच्या मनात आलं, आपण नुसतं बघत कशाला बसायचं? सोमवारी निरोप आला, "खरेदी केली. आता समोरच्या पेशंटकडे बघावे."

डॉक्टर दचकले. मोबाइल खिशात गेला, हात दाढेकडे वळले.

"ताई," ते नंतर दबक्या आवाजात म्हणाले, "त्याला कसं हो कळतं?"

"आजकाल मशीनला सगळं कळतं," ताई रजिस्टरमध्ये डोकं खुपसून म्हणाल्या.

मग काय, ताईंना चेव चढला. "विक्री केली. मास्क नाकावर घ्यावा." "खरेदी केली. आज तुमचा हात हलका आहे." हा निरोप आला त्या दिवशी डॉक्टर शीळ घालत होते. पुढे "नफा झाला. शनिवारी अर्धा दिवस दवाखाना बंद ठेवल्यास बरे" असंही आलं, आणि डॉक्टरांनी लगेच दारावर पाटी लावली. पेशंट वेळेत बाहेर पडू लागले. मुख्याध्यापिकासुद्धा फिरून आल्या, स्वतःची उरलेली दाढ घेऊन. डॉक्टर मात्र गावभर बॉटची टिमकी वाजवू लागले. थोरल्या भावाला तर रोज फोन करून पिडायचे.

सहाव्या आठवड्यात संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टर काउंटरपाशी आले. जरा लाजल्यासारखे दिसत होते.

"ताई, तुम्हाला सांगितलं नव्हतं. बॉटच्या नफ्यातला चौथा हिस्सा मी पहिल्या दिवसापासून तुमच्या नावाने धरलाय. एकोणीस वर्षं सांभाळलंत मला. बराच जमलाय हं! उद्या काढून देतो."

ताईंनी समोरचं रजिस्टर मिटलं. खोट्या पैशांचा चौथा हिस्सा! आणि तो खोटा ठेवायला मान कुणी हलवली? त्यांना हसावं की रडावं कळेना.

"डॉक्टर, बसा जरा."

डॉक्टर सवयीप्रमाणे आत गेले, पण ताईंनी त्यांना पेशंटच्या खुर्चीवर बसवलं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. सराव, मान, ड्रॉवरमधली चिठ्ठी, सगळं. डॉक्टरांनी आ वासला तो मिटेचना.

"म्हणजे माझे पैसे?"

"जिथे होते तिथेच. छदामही हललेला नाही."

"आणि मास्कचं?"

"मीच."

"शनिवारचं?"

"तेही मीच. मला बहिणीकडे जायचं असतं."

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "हात हलका असल्याचं?"

"ते तर खरं होतं म्हणून लिहिलं," ताई म्हणाल्या.

डॉक्टर दोन दिवस फुगून बसले. ताईंशी बोलायचं झालं तर पेशंटमार्फत. "ताईंना सांगा, कापूस संपलाय." तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना हसू आवरेना. बॉट सरावावरच राहू दे, असं त्यांनी भाचीला कळवलं. निरोपांनाही हात लावायचा नाही, असंही बजावलं. आणि ताईंचा पगार वाढवला. कारण विचारलं तर म्हणाले, "शब्द दिला होता ना."

पुढच्याच महिन्यात बाजार कोसळला आणि बॉटने जमवलेला सगळा खोटा नफा दहा दिवसांत घालवला. डॉक्टरांनी तडक थोरल्या भावाला फोन लावला.

"मला अंदाज होताच रे! म्हणून तर मी मुद्दाम सरावावर ठेवला होता त्याला."

ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.