परगावचा भोंगा

गोदी बंद पडून वीस वर्षं झाली होती आणि चित्रकाराचं तिच्यावर प्रेम जडून जेमतेम तीन. बैल गेला नि झोपा केला, हे त्याला मान्य होतं. गोदी चालू असताना तिथल्या तेलाच्या वासानं त्याला मळमळायचं. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात मात्र ते आलं नव्हतं.

समुद्रापलीकडच्या, अशाच ओस पडलेल्या बंदरात त्याला एक जोडीदारीण सापडली होती. ती शिल्पं करायची. दोघांनी एकाच दिवशी, आपापल्या गोदीतल्या गोदामात प्रदर्शन मांडायचं ठरवलं. नाव ‘दोन काठ, एक स्मृती’. ते सुचायला चार महिने लागले. चित्रं त्यामानानं लवकर झाली. गोदी सुटल्याच्या जुन्या भोंग्याचं रेकॉर्डिंगही त्यांनी एकमेकांना पाठवलं. तिचा भोंगा इथं वाजणार, याचा तिथं. याला तो ‘संवाद’ म्हणायचा.

खरं तर त्याला संवाद हवा होता तो एकाच माणसाशी. आईनं तीस वर्षं गोदीत फाटकी पोती शिवली होती. मुलाच्या कामाला ती ‘तुझं ते’ म्हणायची. तुझं ते आटपलं की जेवायला ये. तिनं एकदा तरी त्याला काम म्हणावं, एवढ्यासाठी या पंचेचाळीस वर्षांच्या घोड्यानं अख्खं गोदाम सजवलं होतं.

उद्घाटनाला जुने कामगार झाडून आले. पुढच्या रांगेत आई, मांडीवर पिशवी. चित्रकार चार पानी भाषण घेऊन उभा राहिला. त्यात ‘सामूहिक’ हा शब्द अकरा वेळा होता. बरोबर पाचला भोंगा वाजला, पत्रे थरथरले, आणि तो डोळे मिटून गंभीर चेहऱ्यानं थांबला.

डोळे उघडले तर सगळे उठलेले. क्रेनवाला डबा शोधत होता, जो त्यानं आणलाच नव्हता. कोणी रागावलं नव्हतं. पाचचा भोंगा झाला म्हणजे सुटी झाली. तो कुठल्या गावचा, हे कोण विचारतो? दोन मिनिटांत गोदाम रिकामं. आईसुद्धा गेली.

तेवढ्यात पलीकडून जोडीदारणीचा फोन आला. तिचीही माणसं उठून गेली होती, याच्या भोंग्यावर. चार पानांत जे पटवायचं होतं, ते म्हाताऱ्यांनी घरी जाता जाता करून दाखवलं होतं. चित्रकाराला हसू आलं आणि मागोमाग रडूही.

तो फाटकाकडे धावला. तिथं सगळे घोळक्यानं गप्पा मारत उभे होते आणि आई खदखदून हसत होती. गोदी सुटल्यावर ती अशी हसत असेल, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो कधी तिला न्यायला आलाच नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. भाषण त्यानं पाठीमागं लपवलं.

आईनं त्याला पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“तू कसा बाहेर? तुझी ड्यूटी सुटली का?”

“सातला संपतं,” तो म्हणाला.

“मग आत जा. कामाच्या वेळी फाटकावर उभं राहू नये.”

तो निमूट आत गेला. बघायला कोणी नव्हतं, तरी सात वाजेपर्यंत तो आपल्या चित्रांपाशी ताठ उभा राहिला.