लोखंडाला लोखंड

"दिवा कामून लागंना?" नागोराव पुटपुटला.

त्याच्या हातातल्या बल्बची एक वायर विजेच्या तारेला लावलेली होती, दुसरी बर्फ फोडायच्या यंत्राच्या अंगाला टेकवलेली. बल्ब आंधळाच.

शिरगावच्या किनाऱ्यावरचा हा नवा बर्फाचा कारखाना आज सुरू व्हायचा होता. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या होड्या परतताना दिसत होत्या, आणि मासळी काही उन्हात कुणासाठी थांबत नाही. दाराशी कोळणी पाट्या घेऊन खोळंबल्या होत्या. यंत्रावर पहिली उभी राहणार होती लाडकी, नागोरावाच्या हाताखालच्या नवशाची बायको. अनवाणी, कोपरापर्यंत ओली.

"अवो मिस्तरी, बत्ती मागनं पेटवा!" लाडकी ओरडली. "आमाला बरफ पायजे, उजेड नको. उजेडाला सूर्य हाय!"

बायका खिदळल्या. मालक मात्र चुळबुळले. "मोटार फिरते आहे ना, नागोराव? मग अडलं कुठं?"

"फिरायली, मालक. पण उद्या वीज मोटारीच्या अंगावर उतरली, तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल; जमिनीत जायला दुसरी वाट न्हाई. वाट म्हंजे ही." त्याने भिंतीवरच्या लोखंडी पाइपावर टिचकी मारली. "आतून तारा जातात, अन् पाइपच अर्थिंग. तो कुठं तरी तुटलाय."

नवशाने पाइपाकडे पाहिलं. पाइप त्यानेच जोडला होता.

केळव्याच्या खडकावर होडी फुटल्यापासून नवशाच्या हातांना काम नव्हतं. तारापूरला वीजघर उभं राहतंय म्हणून परभणीकडून आलेल्या नागोरावाने त्याला, काही न विचारता, हाताखाली घेतलं. या कामावर आल्यावर एवढंच म्हणाला होता, "कपलिंग घट्ट बसव, नवशाभाऊ." आणि उभा जन्म होडीच्या फटी बुजवण्यात घालवलेल्या माणसाला घट्ट म्हणजे काय, हे का सांगावं लागतं? पाण्याचा थेंब जाऊ नये, ते घट्ट. नवशाने दोन पाइप जोडणाऱ्या प्रत्येक कपलिंगच्या आट्यांत कापसाची वात गुंडाळून, वर तेलात उकळलेली राळ चोपडली होती. लेकराला न्हाऊमाखू घालावं तशा मायेनं.

बोललो तर काम गेलं. नाही बोललो तर... त्याने लाडकीच्या ओल्या हातांकडे पाहिलं. रात्री गोठलेल्या बर्फाच्या लादीवर उन्हाची तिरीप पडली होती, आणि लाडकी लादीला हात लावून हसत होती.

"मिस्तरी," तो म्हणाला, "त्या सांद्यांत राळ हाय. मी भरली."

मग नागोरावाने एक कपलिंग पिरगाळलं, आतली चिकट वात बोटावर घेतली, हुंगली. नवशाने मान खाली घातली.

"काय सुबक भरलीय गा," नागोराव म्हणाला. "हिच्यातून दर्या जायचा न्हाई, तर वीज कुठून जाईल? चूक माझी. घट्ट म्हणालो, कशासाठी ते न्हाई सांगितलं. मालक, बायकांना जरा सावलीत बसवा."

दोघांनी सगळे सांधे उघडले, आटे रॉकेलने धुतले, ब्रशने लख्ख घासले.

"आतून लोखंडाला लोखंड भेटू दे," नागोराव म्हणाला. "मंग बाहेरून लाव तुझी राळ. खारं वारं तिनंच अडंल."

बल्ब पुन्हा टेकवला. तो असा लागला की नवशाला डोळे पुसावे लागले. उजेडानं, असं त्याने सांगितलं. बायकांनी लगेच गाणं रचलं:

"लोकंडाची गो वाट, मातीला मिलली,
लाडकीच्या हाताची इडापिडा टलली."

"गाऊ नका, पाट्या भरा!" म्हणत लाडकी लाजली.

दिवाळीच्या तोंडावर, भर गर्दीत, फाटकन आवाज होऊन यंत्र थांबलं. लाडकीचे दोन्ही हात त्याच्या लोखंडी तोंडावर होते.

"मेल्याला आताच बंद पडायचं व्हतं!" तिने यंत्राला चापट मारली.

मुख्य बटण बंद करून नागोरावाने मोटार खोलली. आतल्या तारेचं वेष्टन ओलीने सडून ती मोटारीच्या लोखंडी अंगाला चिकटली होती; वीज बाहेर उतरली, पाइपाची वाट धरून मातीत गेली आणि फ्यूज उडाला. लाडकीपर्यंत आलीच नाही.

नवशा मटकन खाली बसला.

"अवो, बसलाव काय? मासळी नासंल!" लाडकी म्हणाली.

तो उठला. मग त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि पाइपावर साचलेलं मीठ पुसायला लागला. एकेक सांधा, होडीच्या कडेवरून हात फिरवावा तसा. नागोरावाने दुसऱ्या टोकाकडून, आपल्या सदऱ्याच्या बाहीने, पुसायला घेतलं.