सही करून ठेवलेलं पान

बुधवारी सकाळी कात्रीबाई खुर्चीत टेकते न टेकते तोच संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि बातमीदार मुंगळ्यावरचा मृत्युलेख तयार ठेवायला सांगितलं. मुंगळा तेव्हा जिवंत होता. सरकारी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, भिंतीकडच्या खाटेवर, चार मोडक्या बरगड्यांनिशी श्वास घेत होता.

"आगाऊ लिहून ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे," संपादक म्हणाले. "आपल्याच माणसावर घाईघाईत काहीतरी छापलं, असं नको. पूर्ण पान करू. काळी चौकट, मोठा फोटो. मुख्य लेख मी स्वतः लिहितोय."

पद्धत होती, खोटं कशाला बोला. दुपारी निघणाऱ्या त्या सायंदैनिकात म्हाताऱ्या पुढाऱ्यांवरचे आणि आजारी नटांवरचे लेख वर्षानुवर्षं तयार पडलेले असत. एक नट तर इतका चिवट निघाला, की त्याच्यावरचा लेख लिहिणाराच आधी गेला आणि नट त्याच्या शोकसभेत भाषण ठोकून घरी जेवायला गेला. असल्या गोष्टींवर ऑफिसात हसणं चालायचं. पण मुंगळा बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला कसला आजारही नव्हता. त्याला चौघांनी लोखंडी सळ्यांनी मारलं होतं.

कात्रीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि त्याची बातमी, साहेब?"

"कुठली बातमी?"

"ज्या बातमीसाठी मार खाल्ला ती. ती देऊन उद्या तीन आठवडे होतील."

"ती वकिलांकडे आहे."

"दोन कॉलम वाचायला तीन आठवडे? वकील काय अक्षरं लावून लावून वाचतायत का?"

संपादकांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. "बाई, रागाच्या भरात पेपर चालत नसतो. पान संध्याकाळपर्यंत हवं मला."

बावीस वर्षं ती ह्या पेपरात मुख्य उपसंपादक होती. तीन कॉलमांची बातमी ती एका कॉलमात आणायची आणि संपादकांची विशेषणंसुद्धा निर्दयपणे उडवायची, म्हणून तिला कात्रीबाई म्हणत. एकदा चावा घेतला की सोडायचा नाही, म्हणून तो मुंगळा. चार महिने खपून त्यानं ती बातमी उभी केली होती. सरकारी हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात पाणी शुद्ध करणारं यंत्र नऊ महिने बंद होतं आणि मशिनांना सरळ नळाचं पाणी जात होतं. यंत्र रोज साफ केल्याच्या सह्या मात्र रजिस्टरमध्ये चोख होत्या, संपामुळे विभागाला कुलूप होतं त्या दिवसांच्याही. रुग्णांना मशीनवरच हुडहुडी भरत होती. चार जण दगावले होते. बातमी कात्रीबाईनंच तपासली होती आणि तिची एक प्रत तिच्याकडे होती.

यंत्राच्या देखभालीचा ठेका आरोग्य समितीच्या अध्यक्षांच्या मेहुण्याकडे होता, आणि दर रविवारी पेपरात ह्या मेहुण्याची पानभर जाहिरात असायची. संपादकांनी काय करावं? त्यांनी बातमी खुलाशासाठी म्हणून मेहुण्याकडेच पाठवली, मुंगळ्याच्या नावासकट. वाचकांपर्यंत पोचली नाही; ज्याच्याविरुद्ध होती त्याच्यापर्यंत मात्र बिनबोभाट पोचली. मागच्या रविवारी मुंगळा स्कूटरचं पंक्चर काढून घ्यायला कोपऱ्यावर उभा असताना दोन मोटारसायकली आल्या. सोमवारच्या अंकात पाचव्या पानावर सहा ओळी आल्या: किरकोळ वादातून बातमीदारास मारहाण. ते पान कात्रीबाईच्या हाताखालून गेलं होतं आणि ती मूग गिळून बसली होती. त्या गप्प बसण्याचा राग तिला मेहुण्यावरच्या रागापेक्षा कमी नव्हता.

बुधवारची पानं छपाईला गेल्यावर ती हॉस्पिटलात गेली. मुंगळ्याची बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. चष्म्याच्या दुकानात कामाला जाणारी नीटनेटकी बाई. तीन दिवस तीच साडी अंगावर होती. कात्रीबाई तिला वहिनी म्हणायची.

"ताई, लघवी काळी होतेय. कोऱ्या चहासारखी," वहिनीनं बसायच्या आधीच सांगितलं. "डॉक्टर म्हणतात, मारानं मांस ठेचलं गेलंय, त्याची घाण मूत्रपिंडात जाऊन अडकलीय. उद्या संध्याकाळी पाच वाजता डायलिसिस लावणार."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इथेच. खाली, पहिल्या मजल्यावर."

ती बातमी वहिनीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर लिहिली गेली होती. पाण्याचं तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"नदीपलीकडच्या हॉस्पिटलात हलवू त्याला. आजच्या आज."

"पोलीस केस आहे, ताई. इथल्या चिठ्ठीशिवाय ते दारात उभं करत नाहीत. आणि अधीक्षक चिठ्ठी देत नाहीत. म्हणे, आमच्याकडे सगळी सोय असताना बाहेर पाठवायचं कारण काय लिहू? मी म्हटलं, पाणी घाण आहे असं लिहा. तर मलाच विचारतात, कोण म्हणतं? कुठे छापून आलंय?"

मुंगळ्याचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. कात्रीबाई वाकली तेव्हा त्यानं एक डोळा उघडला आणि ओठ कसेबसे हलवले. "बातमी लागली?"

बावीस वर्षं ती बातमीदारांना ह्या प्रश्नाची हवी तशी उत्तरं देत आली होती. उद्या बघू, जागा नव्हती, जाहिरात आली. आज एकही तोंडातून निघेना.

"नाही लागली," ती म्हणाली.

"छापलीच नाही," तो हळूहळू म्हणाला, "तर मारलं कशाला?"

ती ऑफिसात परतली तेव्हा संपादकांचा लेख तिच्या टेबलावर येऊन पडला होता. नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच गळा काढलेला होता, शेवटी तर विचारूच नका. पण मधल्या परिच्छेदाशी ती थांबली. 'रुग्णालयातल्या दूषित पाण्यावर त्याने लिहिले, म्हणूनच त्याच्यावर हात उचलला गेला. त्याच्या त्या बातमीतल्या प्रत्येक शब्दामागे हे पत्र ठामपणे उभे आहे.' तिनं तो दोनदा वाचला. काय पण मर्दुमकी! माणूस जिवंत असताना किरकोळ वाद, आणि मेला की प्रत्येक शब्दामागे उभे. मेलेल्या माणसाच्या मागे उभं राहायला कुणाचं काय जातं?

संध्याकाळी तिनं पान लावून नेलं. खालचे दोन कॉलम रिकामे होते.

"तिथे त्याच्या निवडक बातम्या टाका," संपादक म्हणाले. "कुठल्या ते तुम्ही ठरवा, तुम्हाला माहीत आहेत." आणि त्यांनी पानावर झोकात सही केली. "उद्या मी दिवसभर परिसंवादात आहे. फोन बंद असेल. तसं काही कळलंच, तर माझ्यासाठी थांबू नका, पान छपाईला सोडून द्या."

"कसला परिसंवाद?"

"पत्रकारांची सुरक्षितता. अध्यक्ष मीच आहे."

कात्रीबाई पान घेऊन बाहेर आली. ह्या माणसाला काय म्हणावं, हे ती घरी जाईपर्यंत ठरवत होती. घरात म्हणता येईल असा एकही शब्द सापडला नाही.

गुरुवारी सकाळी नऊला ती पानवाल्या काकांच्या शेजारी जाऊन बसली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी मांडणी काकांच्या हातची असायची.

"काका, कालचं पान काढा. काळी चौकट उडवा."

"गेला नाही ना?"

"नाही. आणि जाऊ द्यायचा नाही. साहेबांच्या लेखातली रड काढून टाका, पहिली आणि शेवटची. मधला परिच्छेद तसाच राहू दे, वर, मोठ्या अक्षरात, त्यांच्या फोटोसह. खाली त्याची बातमी. पूर्ण. आणि हे पान पहिलं करा."

काकांनी माऊसवरचा हात काढला. "बाई, माझी दोन वर्षं राहिलीत."

"सही साहेबांची आहे. निवडक बातमी टाका म्हणाले, मी निवडली. तुम्हाला कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

काका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. आशीर्वाद नक्कीच नसावा. मग त्यांनी फोटो उचलून वर नेला. "मथळा काय देऊ?"

'बातमीदार जिवंत आहे. ही त्याची बातमी.' एवढाच मथळा तिनं दिला. बातमीखाली स्वतःहून एक ओळ घातली: 'ही बातमी आमच्या बातमीदाराने एकवीस दिवसांपूर्वी दिली होती.' ती ओळ निव्वळ रागानं घातली होती. संपादकांच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात, एवढाच हेतू होता.

दीड वाजता अंक रस्त्यावर आला. अडीच वाजता संपादकांचा फोन आला.

"बाई, हे काय करून ठेवलंत?"

"तुमची सही आहे, साहेब."

"ती मृत्युलेखावर होती!"

"मेल्यावर छापणार होतात ते जिवंतपणी छापलं. तुमच्याकडे टाळ्या कसल्या वाजतायत?"

संपादकांना सांगावंच लागलं. परिसंवादात कुणीतरी अंक घेऊन आलं होतं आणि व्यासपीठावरून संपादकांचा परिच्छेद वाचून दाखवला होता. सगळं सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं होतं. आता कानावर हात ठेवायचीही सोय उरली नव्हती.

"मालकांचा फोन आला होता," ते दबक्या आवाजात म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

"बरं. तुम्ही जा, लोकांचे आभार माना. खोळंबले असतील."

ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा अधीक्षकांच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनीनं टेबलावर अंक पसरला होता आणि तिच्या मागे डायलिसिसच्या रुग्णांचे तीस-चाळीस नातेवाईक उभे होते. कुणी काल हुडहुडी भरलेल्या बापाचं सांगत होतं, कुणी नुसतं टेबलावर हात आपटत होतं. अधीक्षकांची पाचावर धारण बसली होती. आधी ते म्हणाले चौकशी करू, मग म्हणाले यंत्र उद्या सुरू करू. वहिनी म्हणाली, "उद्याचं उद्या बघा. आत्ता लिहा." चार वाजून दहा मिनिटांनी चिठ्ठी झाली, मुंगळ्याची आणि मशीनवर चढायच्या रांगेतल्या बाकी सहा जणांचीही. डायलिसिस विभागाला कुलूप लागलं. ॲम्ब्युलन्सचं दार लावताना वहिनीनं कात्रीबाईचा हात घट्ट दाबला, आणि गाडी नदीच्या दिशेनं निघून गेली.

कात्रीबाईला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. कॅन्टीन कुठे आहे ते विचारायला ती वळली, तर एक साठीचा गृहस्थ समोर उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात अंक.

"तुम्ही ह्या पेपरातल्या ना? वरती तुम्हाला बोलताना ऐकलं."

"हो. आजपर्यंत होते."

त्यानं बातमीखालच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे एकवीस दिवस. छपाईची चूक आहे का?"

"नाही. बरोबर आहे."

"म्हणजे तीन आठवडे हे तुम्हाला माहीत होतं."

तिनं होकारार्थी मान हलवली.

"माझी बायको आठवड्यातून दोनदा यायची इथे," तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मागच्या सोमवारी स्वतःच्या पायांनी जिना चढून गेली. मी बाहेर बाकावर तुमच्याच पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलो होतो. रोज घेतो मी हा पेपर, पंधरा वर्षं झाली. त्यात हे असतं, तर मी तिला आत पाठवली नसती. मशीनवर असताना थंडी वाजायला लागली, आणि रात्री संपलं सगळं."

त्यानं अंकाची घडी घालून काखेत धरली.

"मला एवढंच सांगा. तीन आठवडे ही बातमी होती कुणाकडे?"

वकिलांकडे होती असं सांगता आलं असतं. संपादकांनी थांबवली, मालकांनी दाबली, मेहुण्याच्या जाहिराती होत्या, असंही सांगता आलं असतं, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. सकाळी नऊ वाजता काकांशेजारी बसून पान करायला तिला अर्धा तास लागला होता. तो अर्धा तास तिच्याकडे वीस दिवस रोज होता.

"माझ्याकडे," ती म्हणाली.