चूल आत की बाहेर

म्हणजे माझा पलंग कुठे?

सासूबाईंचा हा पहिला प्रश्न. मोजणीदार तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीत गुडघ्यावर बसून फरशीवर खडूने रेघ ओढत होता.

नदीकाठी अणुभट्टी येणार होती, आमच्या भागातली पहिलीच. भट्टीभोवती एक वर्तुळ, वर्तुळाच्या आत कुणी राहायचं नाही. आणि वर्तुळाची कड आमच्या घरातून जाते.

"घरातून म्हणजे कुठून?" असं आमच्या ह्यांनी विचारलं, म्हणून तर तो खडू घेऊन बसला.

"पलंग बाहेर आहे, आजी," तो म्हणाला. "स्वयंपाकघर आत."

सासूबाईंना दिसत नाही. पण ह्या घरात त्या हात पुढे न करता चालतात, चहाही स्वतःच करतात. लेकीकडे गेल्या की मात्र भिंतीला टेकून बसून राहतात, पाणीसुद्धा मागून घेतात. म्हणून दुसऱ्या घराचा विषय आमच्याकडे कुणी काढत नाही. तो त्या खडूने काढला.

चपला बाहेर, टीव्ही बाहेर, रिमोट नेहमीप्रमाणे

कुठे आहे कुणाला माहीत. फ्रिज आत, त्याची वायर बाहेर. जेवणाचं टेबल दोन्हीकडे: ह्यांची खुर्ची आत, माझी बाहेर.

"म्हणजे मी जेवताना धोक्यात," हे म्हणाले, "आणि ही मीठ द्यायला सुरक्षित."

"धोक्यात नाही हो," मोजणीदार म्हणाला. "नियमात."

नियम असा, की घर अर्धं उठवता येत नाही. चूल ज्या बाजूला, घर त्या बाजूचं.

"आमच्याकडे चूल नाहीच. गॅसची शेगडी आहे."

"तेच ते. पुढच्या आठवड्यात पक्की नोंद करायला येतो. त्या दिवशी चूल जिथे असेल तिथे." हे बोलताना तो आमच्याकडे बघत नव्हता, सुतळी गुंडाळत होता.

ही भट्टी विझवतात कशी?

भट्टी बघायचीच, असं सासूबाईंनी ठरवलं. "बघायची" हाच त्यांचा शब्द. बाजारात एका रिकाम्या दुकानात माहिती केंद्र उघडलं होतं. आत काचेखाली भट्टीचं मॉडेल, वर 'हात लावू नये'. तिथल्या मुलीने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि काच उचलली.

सासूबाईंची बोटं घुमटावरून फिरली. "डब्याचं झाकण आहे हे. भिंत किती जाड?"

"तुमच्या पलंगाच्या रुंदीएवढी, आजी."

"आणि बंद करायची तर?"

"ह्या कांड्या आत सरकवल्या की लगेच बंद. पण तापलेली राहते. पाणी फिरवत राहावं लागतं. दिवसचे दिवस."

"वीज गेली तर फिरवणार कोण? इथे रोज दुपारी जाते."

हे हसले. ह्यांचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. वीज गेली की हे घरी येऊन पंख्याखाली बसतात, तोही बंद असतो.

"डिझेलची इंजिनं असतात. बॅटऱ्या असतात."

"म्हणजे वीज करणारीलाच वीज लागते."

"लागते."

"उन्हाळ्यात नदी आटली तर?"

"जोर कमी करायचा. वीज थोडी कमी मिळेल."

"वापरलेलं इंधन?"

"पाण्याच्या हौदात. बरीच वर्षं."

"आणि नंतर?"

मुलगी काच पुसायला लागली. "नंतरची जागा अजून ठरायची आहे."

"हे खरं बोललीस," सासूबाई म्हणाल्या. "आता मघाचंही खरं वाटायला लागलं."

परतताना हे म्हणाले, "वीज हवी, भट्टीही येऊ दे. रेघ फक्त दोन हात पलीकडून जायला हवी होती."

मी म्हटलं, "रेघ नाही हलत. शेगडी हलते."

(हालचाल)

सासूबाई सकाळी शेजारी गेल्या तशी आम्ही शेगडी उचलली. त्यांच्या खोलीत, पलंगाशेजारी स्टुलावर मांडली. सिलिंडर खिडकीखाली. मोजणीदार येईल, लिहील, जाईल. सासूबाई यायच्या आत सगळं जागच्या जागी. त्यांना कळायचंसुद्धा नाही.

तो आला तो त्यांच्याबरोबरच. फाटकाशी भेटला म्हणे.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी चहा."

आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्या स्वयंपाकघरात होत्या.

शेगडी गेली कुठे?

नळ सुरू झाला, बंद झाला. मग पातेलं आदळल्याचा आवाज आला, कारण ओटा रोजच्यापेक्षा वीतभर खाली लागला. त्यांनी तळहात ओट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"चोर आले होते का रे?"

"नाही आई," हे म्हणाले. "जरा तिकडे ठेवलीय."

"तिकडे कुठे?"

"तुझ्या खोलीत."

"अगं बाई. मला वेगळी चूल मांडून दिलीत?"

मोजणीदाराला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

मी सांगून टाकलं. घर सोडावं लागू नये म्हणून केलं, तुमच्यासाठी केलं. सांगता सांगता त्यांचा हात धरायला गेले.

"सोड हात. आणि कुणी बोलू नका."

पातेलं घेऊन त्या निघाल्या. टेबलाला वळसा घातला, नकळत खडूची रेघ ओलांडली. खोलीच्या दारात थांबून वास घेतला. सिलिंडरला पाय लागला तशा वाकल्या, रबरी नळी बोटांत धरली आणि तिच्या मागोमाग हळूहळू स्टुलापर्यंत गेल्या. बटण सापडलं. लायटर मात्र मी आणून दिला, तो आत राहिला होता.

साखरही आतच राहिली. चहा बिनसाखरेचा झाला. मोजणीदार तो मुकाट्याने प्यायला.

"आजी," कप खाली ठेवत तो म्हणाला, "चूल बाहेर लिहू?"

नव्या घरात ओटा कुठल्या हाताला?

"कुठल्या नव्या घरात?" हे म्हणाले.

"तुला नाही विचारलं. ह्याला विचारलं."

"पुनर्वसन वसाहतीत ना? दारातून शिरलं की डावीकडे," मोजणीदार म्हणाला.

"इथे उजवीकडे." त्यांची उजवी बोटं पदराशी चाळा करत होती, मग डावी करायला लागली. "खिडकी?"

"ओट्याच्या वर. पूर्वेला."

"आई, जायची काही गरज नाही," हे म्हणाले. "तो बाहेर लिहितोय."

"आणि भट्टी स्टुलावरची शेगडी बघून मागे सरकणार का? त्या पोरीने ठरलं नाही ते ठरलं नाही म्हणून सांगितलं, आणि आपण असलं लिहून द्यायचं?"

"पण तिकडे तुम्हाला..." मी म्हटलं.

"लेकीकडे सगळं हातात देतात गं, म्हणून बसून राहते. आज कुणी दिलं नाही." त्यांनी रिकामा कप माझ्याकडे न देता स्वतः स्टुलावर ठेवला, शेगडीला न लावता. "हे घर एका चहात पुन्हा शिकले. तिकडे चार लागतील. शेगडी ओट्यावर ठेवा. त्याला लिहू दे."

ह्यांनी शेगडी उचलली, मी नळी. रेघेवरून जाताना आम्ही दोघंही, का कोण जाणे, पाय उचलून गेलो.

मोजणीदाराने लिहिलं: आत.

"आता माझी जागा ठरली," सासूबाई त्याला म्हणाल्या. "त्या हौदातल्या वापरलेल्या इंधनाची ठरली की मला कळव."

"ते माझ्याकडे येत नाही, आजी."

"मग कुणाकडे येतं?"

त्याने विचार केला. खरंच केला. "विचारून सांगतो," तो म्हणाला.